सुकरीचं न लिहिलेलं वाक्य

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत, जव्हारपासून लांब डोंगरातल्या एका आश्रमशाळेत, दहावीच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांचे बाप एकाच दिवशी मेले. मेले ते वहीत. तुळशीदास सरांनी इंग्रजीची पहिली वही उघडली तर तिथे लिहिलेलं, 'माय फादर पास्ड अवे लास्ट इयर.' माझे वडील गेल्या वर्षी वारले. दुसरी उघडली, तेच. तिसरी, चौथी, तेच. यातले निम्मे बाप आदल्या रविवारी पोरांना भेटायला येऊन, व्हरांड्यात विडी ओढून, धडधाकट परत गेले होते.

दोष पोरांचा नव्हता. क्रियापदं देऊन त्यांची वाक्यं करायला सांगितली होती. बाजारच्या गाइडात 'पास अवे'पुढे हेच वाक्य छापलेलं होतं. सगळ्या वर्गात मिळून गाइड एकच, आणि ते हातोहात फिरून त्याची पानं सुटी झालेली. इंग्रजी म्हणजे या पोरांच्या छातीवरचा धोंडा. घरात एक बोली, शाळेत मराठी, आणि मराठी जरा कुठे जिभेवर बसतेय तोवर ही तिसरी भाषा पुढ्यात. मग छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं आणि बोर्डाच्या परीक्षेला हात जोडायचे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? हे गाइड लिहिणारा कुठल्या शहरात पंख्याखाली बसला होता कोण जाणे. एखाद्या पोराला हे वाक्य उतरवताना काय होईल, हे त्याच्या गावीही नसावं.

त्या ढिगात एक वही वेगळी निघाली. वांगणीच्या सुकरीची. 'गेट अप'ला तिने लिहिलं होतं, माझी आई कोंबड्याच्या आधी उठते. 'लुक आफ्टर'ला लिहिलं होतं, लाडक्याकाका आमच्या बैलांची काळजी घेतो. स्पेलिंगची पार दाणादाण, पण वाक्यं तिची स्वतःची. 'पास अवे'पुढे मात्र तिने जागा कोरी सोडली होती.

तुळशीदास सर साखरशेतचे. भात आणि नाचणीच्या घरातले, गावातले पहिले बी. ए. इंग्रजीने त्यांनाही कॉलेजात दोनदा आपटी खायला लावली होती, म्हणून पोरांवर ते कधी वस्सकन ओरडत नसत. फ्रेजल व्हर्ब त्यांनी आपल्या पद्धतीने शिकवलं होतं. "हे जोडीचं क्रियापद. एका जुवाला दोन बैल, एक मोठा, एक खोंड. मोठा बैल तुम्ही ओळखता, पण खोंड बदलला की नांगर भलतीकडेच जातो. म्हणून जोडी अख्खी लक्षात ठेवायची." 'पास अवे'ची गोष्ट करताना ते जरा थांबले होते. "म्हणजे मरणं. पण 'मेला' म्हणताना आपली जीभ अडखळते ना? घरातल्या माणसाबद्दल तर अडखळतेच. तशीच ती इंग्रजांचीही अडखळते. म्हणून हे मऊ शब्द. आपण 'वारले' म्हणतो, 'गेले' म्हणतो, तसं." मागच्या बाकावरच्या कान्हाने विचारलं होतं, "सर, कोंबडीला चालल का?" वर्ग खिदळला. "नाही. कोंबडी नुसती मरते. बैलही मरतो. हे माणसालाच, आणि आपल्या माणसाला."

सुकरी तेव्हा हसली नव्हती. 'आपल्या माणसाला' एवढंच तिने ऐकलं होतं.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"एवढंच का सोडलंस? गाइडात होतं की. ते उतरवलं असतंस तरी मार्क मिळाले असते."

"तसा लिवला तं तो मरल, सर."

"कोण?"

"बा."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांना हळूहळू जे कळलं ते असं.

मंगळू, म्हणजे सुकरीचा बाप, दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रेतीच्या कामावर गेला. भात झोडून झालं की वांगणीत काम उरत नाही. कोण वीटभट्टीवर जातं, कोण बागायतीत, आणि ज्यांची छाती घट्ट ते खाडीवर रेती काढायला. खाडीच्या तळाशी डुबी मारायची, बादलीत रेती भरायची, दोरीला हिसका द्यायचा, की वर होडीतला साथीदार दोरी ओढून घेतो. मंगळूसोबत शेजारचा लाडक्या होता. शिमग्याला लाडक्या परतला, मंगळू नाही. लाडक्या म्हणाला, तो तर माझ्या आधीच निघाला. कोंडी, म्हणजे सुकरीची आई, पायातलं मोडकं जोडवं दोऱ्याने बांधून दोन बायकांसोबत खाडीपर्यंत गेली. मुकादमाने कानावर हात ठेवले. "तेरा आदमी गाव को गया. हमको बोल के गया." पोलिसांनी कागदावर बेपत्ता लिहून घेतलं. झालं. एवढा सहा फुटी माणूस, पण त्याचा शोध तेवढ्यात संपला.

"आई सांगते, तो येल," सुकरी म्हणाली. "भगत सांगतो, दिवस करा. आई करू देत नाय. दिवस झाला नाय तं माणूस गेला कसा म्हणायचा?"

हे सरांना समजावून सांगावं लागलं नाही. तेही याच डोंगरातले. इथे माणसाचा श्वास थांबला म्हणजे तो गेला असं होत नाही. तो घराच्या आसपास राहतो, उंबऱ्याशी, चुलीशी, शेताच्या बांधावर. मग सवड होईल तेव्हा घरचे त्याचा दिवस करतात. भगत काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने काडी रोवतो, काडीवरून बोटं ओढत सूर काढतो, आणि गाण्यातून त्या जिवाला वाट दाखवतो. जाण्याआधी तो जीव कुणाच्या तरी अंगात येतो, त्याला इथे वारा म्हणतात, घरच्यांशी बोलतो, राहिलं-साहिलं मागतो, आणि निघतो. मरणं एकीकडे, जाणं एकीकडे. आणि मंगळूचं तर मरणंच कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मंग त्याला इंग्रजीत काय लावायचा, सर?"

"मिसिंग," सर म्हणाले.

"ते जोडीचा हाय?"

"नाही. एकटंच आहे."

सुकरीने मान हलवली. सरांना वाटलं, पोरीला आता रडू येईल. तसं काही झालं नाही, ती फक्त वहीचा कोपरा दुमडत राहिली. सरच कासावीस झाले. मग त्यांना सुचलं. "असं कर. जव्हारचे जुने राजे वारले, हे खरं ना? राजवाडा बघितलायस ना तू? मग लिही, द किंग ऑफ जव्हार पास्ड अवे. त्यांचं सगळं करून सवरून झालंय. तुझ्या लिहिण्याने त्यांना काही व्हायचं नाही."

सुकरीने तिथेच भिंतीला वही टेकवून ते लिहिलं. राजा ओळखीचा नव्हता, त्यामुळे हात अडला नाही. दहावीला ती इंग्रजीत काठावर का होईना, पण सुटली.

पुढचं तिचं आयुष्य या भागातल्या शिकलेल्या पोरीचं जसं जातं तसंच गेलं, फक्त मधल्या दगडधोंड्यांत ती अडकून राहिली नाही. जव्हारच्या वसतिगृहात राहून बारावी केली, मग डी. एड. मग मोखाड्याच्या अंगाला एका पाड्यावर शिक्षणसेवक म्हणून लागली. सरकारने तोवर पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं होतं. ज्या भाषेने तिच्या वर्गाचा जीव घेतला होता तीच आता तिने सहा वर्षांच्या लेकरांना शिकवायची होती. ती शिकवायची हातापायांनी. 'स्टँड अप' म्हणत उठायची, 'सिट डाउन' म्हणत जमिनीवर फतकल मारायची, 'पुट ऑन' म्हणत कुणाची तरी टोपी स्वतःच्या डोक्यात घालायची. पोरं हसून लोळायची. केंद्रप्रमुख एकदा म्हणाले, बाईंचा वर्ग म्हणजे तमाशा आहे. पण त्या वर्गातली पोरं कुणी 'कम इन' म्हणालं तर आत यायची, दारात उभी राहून घोकत बसायची नाहीत. गाइडाला तिने कधी वर्गात येऊ दिलं नाही.

राहायला ती जव्हारला. बिलकीसच्या घराच्या मागची खोली तिने भाड्याने घेतली होती. बिलकीस शाळेचे गणवेश शिवायची. घरात म्हातारे वडील, कासमचाचा, पूर्वी घोड्याच्या नालांपासून कुलपांपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. संध्याकाळी दोघी मशीनपाशी बसून चहा प्यायच्या. सुकरीला तिथे बरं वाटायचं. पण शनिवार आला की तिचा जीव वर-खाली व्हायचा, कारण शनिवारी वांगणीला जायचं असायचं.

वांगणीला आई होती, आणि आईने वाट पाहणं सोडलं नव्हतं. कोंडी घर सोडून कुठे जाईना. लग्नकार्याला नाही, भावाच्या घरी नाही, दवाखान्यात नाही. तो आला आणि घरात कुणी दिसलं नाही तर आल्या पावली परत जाईल, असं तिने डोक्यात घेतलेलं. रोज चुलीवर एक भाकर जास्तीची. सकाळी तीच भाकर स्वतः खायची आणि संध्याकाळी नवी थापायची. शेत लाडक्याच पाहायचा. न सांगता नांगर धरायचा, आवणीला, म्हणजे भातलावणीला, बायका लावायचा, कापणी करून भारे घरापुढे आणून टाकायचा, आणि आईने हाक मारली तरी घोटभर पाण्यालाही थांबायचा नाही. गावात म्हणायचे, शेजारी असावा तर असा. सुकरीही तेच म्हणायची.

या वाट पाहण्याचं सुरुवातीला सुकरीला कौतुक वाटायचं. मग दया यायला लागली. मग, खरं सांगायचं तर, राग. आईच्या डोळ्यांत पडदा येत चालला होता. चुलीतल्या जळत्या लाकडाला तिचा हात दोनदा लागला. एका शनिवारी सुकरी गेली तर आई अंगणात रस्त्याकडे तोंड करून बसलेली, आणि सुकरी पुढ्यात येऊन उभी राहिली तरी तिला दिसेना. पावलांचा आवाज ऐकून ती उठली, चाचपडत पुढे आली आणि म्हणाली, "आलास?"

पुरुषाला विचारावं तसं विचारलं होतं तिने. सुकरीला भडभडून आलं. "मी हाय, आये. सुकरी."

"तू व्हय," आई म्हणाली आणि परत खाली बसली. आवाजातली ती निराशा सुकरीला इतकी झोंबली की त्या रात्री ती जेवली नाही. आपण जिवंत, शिकलेली, पगाराची, दर शनिवारी दहा कोस तुडवत येणारी. आणि आईला हवा तो न येणारा.

सोमवारी तिने हे बिलकीसला सांगितलं. बिलकीसने मशीन थांबवली. "डोळ्यांचं ऑपरेशन होईल गं. कॅम्प लागतो इथे. पण ती घर सोडायला हवी ना."

"दिवस झाल्याशिवाय नाही सोडायची. आणि दिवस करू देत नाही."

"मग तिला दिवसच करायला सांगू नकोस," बिलकीस म्हणाली. "तिला म्हण, बोलावून तर बघू. असेल तर येईल, नसेल तर नाही. विचारायला काय हरकत आहे?"

साधीच गोष्ट, पण इतकी वर्षं ती कुणी अशी मांडली नव्हती. जो तो कोंडीला सांगायचा, तुझा नवरा मेलाय हे मान. विचारून बघ, असं कुणी म्हटलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी सुकरीने भगताला सोबत घेऊन आईपुढे तसाच विषय काढला. कोंडी बराच वेळ चुलीतली राख उकरत बसली. मग म्हणाली, "बोलवा. माना ठाव हाय, तो नाय यायचा. जिता माणूस वाऱ्यात कसा येल? नाय आला तं मंग परत कोनी माना हा विचारायचा नाय. आन् मी हिथच राहीन, मरपर्यंत."

"आन् आला तं?" भगताने विचारलं.

कोंडीने उकरलेली राख हाताने सारखी केली.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, आवणीआधीच्या मोकळ्या दिवसांत, मंगळूचा दिवस मांडला. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचं माणूस केलं. नातेवाईक आले, गाव आला. उडदाचं वरण, भाताची मोठी भांडी, मोहाची दारू. लाडक्याला दोनदा निरोप धाडावा लागला. तो आला आणि सगळ्यांच्या मागे, कुडाला पाठ लावून बसला. भगताने थाळीवर सूर धरला, आणि त्याचं गाणं रात्र उलटून उजाडलं तरी चाललेलं. धरतरी कशी झाली, मरण जगात कसं आलं, जिवाने कुठल्या वाटेने जायचं. मधेच तो थांबायचा आणि हाक घालायचा, "मंगळू, ये रं. तुझी बायको बसलीय. तुझी पोर बसलीय. ये, बोल, आन् जा." कुणी हलायचं नाही. थाळी परत वाजायला लागायची.

सूर्य वर आला. म्हातारे पेंगायला लागले. सुकरीने आईकडे पाहिलं. आईच्या तोंडावर हसू नव्हतं, पण हसू येण्याआधीचं काहीतरी होतं. नाही येत तो. म्हणजे आहे. कुठेतरी आहे.

आणि त्या वेळी सुकरीच्या मनात जे आलं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही, बिलकीसलाही नाही. तिच्या मनात आलं, आहे तर मग इतकी वर्षं आला का नाही? दुसरीकडे कुठे चूल मांडली? दुसऱ्या कुणाला लेक म्हणाला? आई या ओसरीत आंधळी झाली आणि तो कुठल्या तरी गावात भाकर मोडत बसला? तिने डोळे गच्च मिटले आणि हात जोडले. देवा, माझा बाप मेलेला असू दे. जिवंत नको. त्याला ये म्हण. मेलेला असू दे.

दहावीत असताना जे दोन शब्द वहीत लिहिले तर बाप मरेल म्हणून जिने लिहिले नव्हते, तीच पोर आता हात जोडून त्याचं मरण मागत होती. आपण काय मागतोय हे कळून तिची तिलाच शिसारी आली. तरी तिने हात सोडले नाहीत.

मागे कुडाजवळ काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. लाडक्या आडवा पडला होता आणि त्याचं अंग थडथडत होतं. दात एकमेकांवर वाजत होते. एवढ्या वैशाखाच्या उन्हात तो थंडीने कुडकुडत होता. भगत थाळी टाकून त्याच्यापाशी गेला. "कोन आला?"

लाडक्याच्या तोंडून आवाज निघाला तो घोगरा, खोल. "मी. मंगळू."

कोंडी उठून उभी राहिली. दिसत नव्हतं तरी ती सरळ त्या आवाजाकडे गेली आणि खाली बसली. "कठं व्हतास?"

"पान्यात. पानी गार व्हता. लय गार व्हता."

"वर का नाय आलास?"

"हिसका दिला. दोरीला हिसका दिला. परत दिला. वरच्याने घेतला नाय."

सुकरीने तो शब्द मनात पुन्हा म्हटला. वरचा. दोरी धरणारा वरचा. खाडीवर बापासोबत होडीत कोण असायचं हे अख्ख्या वांगणीला ठाऊक होतं.

"का नाय घेतला?" कोंडीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"डोला लागला त्याचा. भरतीच्या पाठी काम, ओहोटीच्या पाठी काम, झोप नाय. बसल्या बसल्या डोला लागला. मंग मुकादम बोलला, बोललास तं तुलाच आत घालीन. भेला तो." आवाज फाटला. "त्याला काय बोलू नको, कोंडे. थकेल व्हता. माना राग नाय. माना आता जाऊ दे."

कोंडीने त्या थरथरणाऱ्या डोक्यावर हात ठेवला. इतकी वर्षं ती रडली नव्हती. नवरा बेपत्ता झाला तेव्हा नाही, खाडीवरून रिकामी परतली तेव्हा नाही. आता तिने असा हंबरडा फोडला की बाहेर बांधलेली शेजाऱ्यांची गुरं दचकून उठली. "जा," ती म्हणाली. "जा माझ्या राजा. आता जा." भगताने मोहाची धार सोडली. लाडक्याचं अंग एकदम सैल पडलं.

मग पळसाचं माणूस उचलून पुरुष ओढ्याकडे गेले. कोंडीने कपाळ पुसलं, जोडवी उतरवली. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण खांदे खाली आले होते. सुकरीने आपल्या आईला असं सैल बसलेलं आठवणीत पाहिलं नव्हतं. जव्हारला चलते का, असं तिने विचारलं, तर आईने साधंच विचारलं, "कदी?" ज्याच्यासाठी सुकरी इतकी वर्षं झुरली ते एका शब्दात मिळालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

लाडक्या कुडाशी उठून बसला होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. त्याने सगळ्यांकडे पाहत विचारलं, "काय झाला? काय बोललो का मी?"

अंगात वारा आलेल्या माणसाला त्यातलं काही आठवत नाही, असं इथे मानतात. आणि वाऱ्यात जे बोललं गेलं ते त्या माणसाला नंतर कुणी विचारत नाही. तो बोलला नव्हता, गेलेला बोलला होता. हा रिवाज मोडलेला कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगितलं, "काय नाय. काय नाय बोललास."

सुकरीला मात्र त्याची गचांडी धरून विचारायचं होतं. त्या दोन हिसक्यांच्या वेळी तू झोपला होतास, मग इतकी वर्षं कोण झोपलं होतं? आईचे डोळे गेले तेव्हा तू बांधापलीकडे नांगर धरून होतास, तेव्हा का नाही तोंड उघडलंस? आणि सगळ्यांत आधी हे विचारायचं होतं की मघाशी 'माना राग नाय' असं जो म्हणाला तो कोण? माझा बाप, की तूच? माफ कुणी केलं तुला?

माणसाला जे सरळ बोलता येत नाही ते तो मऊ करून, वळण घेऊन बोलतो, असं सरांनी एकदा सांगितलं होतं. सर चांगले होते. पण ते मऊ शब्द ऐकून घेणाऱ्याने पुढे काय करायचं, हे ना सरांनी शिकवलं होतं, ना कुठल्या भाषेने.

पुरुष ओढ्यावरून परतले. पंगत बसली. लाडक्या उठून जायला लागला तसं कोंडीने आवाजावरून ओळखून त्याचा हात धरला. "जेवल्याबिगर जायचा नाय," ती म्हणाली, आणि लेकीकडे तोंड फिरवलं. "सुकरी, काकाला वाढ."

सुकरी भाताचं भांडं घेऊन उभी राहिली. लाडक्या पानापुढे मान खाली घालून बसला होता. सगळी पंगत तिच्याकडे पाहत होती, आणि आई, जिला दिसत नव्हतं, तीही तिच्याच दिशेला तोंड करून थांबली होती. सुकरी वाकली. तिने भात वाढला, वर उडदाचं वरण घातलं. लाडक्याने सगळं संपवलं, पण मान वर केली नाही. पान रिकामं झालं तेव्हा भांडं तिच्या हातातच होतं. आणखी घे, असं मात्र तिच्या तोंडून काही केल्या निघालं नाही.